जमिनीवर पडलेला घास

उपाहारगृहात चहा पिताना कुणाच्या तरी हातातले उस्मानिया बिस्किट फरशीवर पडते. ते चटकन उचलले जाते, त्यावर फुंकर मारली जाते, आणि ‘अजून पाच सेकंद झालेले नाहीत’ असे म्हणून ते तोंडात टाकले जाते. शेजारी बसलेला नाक मुरडतो. दोघांपैकी कोणाचे बरोबर, यावर चहा निवेपर्यंत वाद रंगतो. तासाची घंटा होते आणि तो अर्धवट राहतो. हा अर्धवट राहिलेला वाद प्रस्तुत लेखात थोडा पुढे न्यायचा आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु खाली पडलेला एक घास उचलावा की टाकावा, या प्रश्नाचा नीट विचार करू लागलो की जंतूंचा प्रसार कसा होतो, पोट कशाने बिघडते आणि शहराचे आरोग्य कशावर अवलंबून असते, इथपर्यंत आपण येऊन पोहोचतो.

पाच सेकंदांचा नियम आपला नव्हे. तो अलीकडे इंग्रजीतून आपल्याकडे आला. आपल्या घरांतून या प्रसंगाची वेगळी उत्तरे पूर्वापार चालत आलेली आहेत. पडलेले अन्न पायाखाली येऊ नये म्हणून ते उचलून कपाळाला लावणारी आजी पुष्कळांनी पाहिली असेल. काही घरांत हातून निसटलेला घास पुन्हा ताटात घेत नाहीत. तो मुंगीचा, चिमणीचा म्हणून बाजूला ठेवतात. इस्लामी परंपरेत पडलेल्या घासाला लागलेली घाण काढून तो खावा, अन्न वाया घालवू नये, अशी शिकवण आहे. आणि आपल्या शहरातील जुन्या घरांत जेवणापूर्वी अंथरला जाणारा दस्तरखान सांडलेले अन्न जमिनीला लागू देत नाही. या सगळ्या रीतींच्या मुळाशी अन्नाविषयीचा आदर आहे. जिवाणू हा शब्दही जन्माला आला नव्हता त्या काळातील या रीती; त्यांच्याकडे जंतुशास्त्राचे उत्तर मागणे अन्यायाचे होईल. पाच सेकंदांच्या नियमाचे मात्र तसे नाही. तो घड्याळाची भाषा बोलतो, शास्त्राचा आव आणतो. तेव्हा त्याला शास्त्राचीच कसोटी लावलेली बरी.

अशी कसोटी लावण्याचा एक गाजलेला प्रयत्न हायस्कुलात शिकणाऱ्या एका मुलीने केला, ही गोष्ट विद्यार्थी वाचकांना आवडेल. जिलियन क्लार्क हे तिचे नाव. २००३ साली ती अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याच्या उमेदवारीसाठी गेली होती. तिने प्रथम विद्यापीठाच्या आवारातील निरनिराळ्या फरशांवरून कापसाच्या बोळ्याने नमुने घेतले. नवल असे की, त्या कोरड्या फरशांवर जिवाणू जवळजवळ सापडलेच नाहीत. मग तिने फरशीच्या तुकड्यांवर मुद्दाम ई. कोलाय जिवाणू सोडले आणि त्यांवर बिस्किटे व जेलीच्या गोळ्या ठेवल्या. पाच सेकंद पुरे होण्याच्या आतच जिवाणू खाद्यपदार्थावर पोहोचले होते. या कामाबद्दल २००४ साली तिला इग नोबेल पारितोषिक मिळाले. जे संशोधन आधी हसवते आणि मग विचार करायला लावते, त्याला हे पारितोषिक देतात. क्लार्कच्या प्रयोगातून दोन गोष्टी हाती आल्या. जिवाणूंना चढायला पाच सेकंदही लागत नाहीत, ही एक. आणि प्रत्येक फरशी रोगजंतूंनी बुजबुजलेली असतेच असे नाही, ही दुसरी. वाद घालणारे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीची तेवढी एकच गोष्ट लक्षात ठेवतात.

पुढे २००७ साली दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठात पॉल डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेला या रोगजंतूवर अधिक पद्धतशीर काम केले. त्यांनी टाइल, लाकूड आणि गालिचा अशा तीन पृष्ठभागांवर हे जंतू सोडले आणि ते किती दिवस तग धरतात ते पाहिले. कोरड्या पृष्ठभागावरही चार आठवड्यांपर्यंत, अन्नाला लागू शकतील इतक्या संख्येने, ते जिवंत राहिले! डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या, कोरड्या फरशीविषयी आपला जो विश्वास असतो त्याला हा चांगलाच धक्का आहे. टाइलवर मांसाचा ओलसर काप पाच सेकंद ठेवला असता तेथील ९९ टक्क्यांहून अधिक जंतू त्याच्यावर गेले. गालिच्यावरून मात्र अर्धा टक्कासुद्धा गेले नाहीत.

सर्वांत विस्तृत प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाचे डोनाल्ड शाफ्नर आणि त्यांची विद्यार्थिनी रॉबिन मिरांडा यांनी चार पृष्ठभाग घेतले: स्टेनलेस स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा. चार पदार्थ घेतले: कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि चिवट जेलीची गोळी. संपर्काचा काळही चार प्रकारचा: एक सेकंदाहून कमी, पाच सेकंद, तीस सेकंद आणि तीनशे सेकंद. प्रत्येक प्रयोग पुन:पुन्हा करून एकूण २,५६० मोजमापे घेतली. रोगजंतूऐवजी त्यांनी साल्मोनेलाच्या गणगोतातला एक निरुपद्रवी जिवाणू वापरला. निष्कर्ष स्पष्ट होता. जास्त वेळ पडून राहिलेल्या पदार्थावर साधारणपणे जास्त जिवाणू जातात, हे खरे. म्हणजे नियमात तथ्याचा अंश आहे. परंतु काही वेळा एक सेकंदाच्या आतही भरपूर जिवाणू चढलेले दिसले. काय पडले आणि कशावर पडले, या दोन गोष्टी वेळेइतक्याच, किंबहुना वेळेहून अधिक महत्त्वाच्या ठरल्या. चार पदार्थांत कलिंगडाने सर्वांत जास्त जिवाणू उचलले आणि जेलीच्या गोळीने सर्वांत कमी.

यातील मर्म ओलाव्यात आहे. वाळलेल्या फरशीवरचे जिवाणू जागच्या जागी चिकटून असतात. त्यांना पाण्याचा पातळ थर मिळाला की ते त्या थरातून सहज पलीकडे जातात. ओला, मऊ पदार्थ फरशीच्या बारीकसारीक खाचाखळग्यांतही घुसतो. कडक पदार्थ फक्त उंचवट्यांना टेकतो. गालिच्याचे तंतू पदार्थाला फार थोड्या जागी स्पर्श करतात, म्हणून त्यावरून कमी जंतू आले. याचा अर्थ गालिचा स्वच्छ असतो असा कोणी घेऊ नये. मोअज्जम जाही मार्केटमधून आणलेल्या कलिंगडाची फोड आणि इराण्याकडचे कोरडे उस्मानिया बिस्किट एकाच क्षणी एकाच फरशीवर पडले, तर फोडीला जे चिकटेल त्याच्या अल्पांशानेही बिस्किटाला चिकटणार नाही. मात्र बिस्किट चहात बुडवलेले असेल तर हिशेब बदलला. दहीभाताचा घास, आमटीत भिजलेली भाकरी, सोललेले केळे, आंब्याची फोड हे सारे कलिंगडाच्या पंक्तीतले. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, खाकरा हे बिस्किटाच्या.

वरील सर्व प्रयोग परदेशी फरशांवर झाले. आपली फरशी वेगळी आहे. हैदराबादपासून मराठवाड्यापर्यंत आणि उत्तर कर्नाटकात असंख्य घरांत पायाखाली शहाबादी किंवा तांडुरी दगड असतो. शहाबाद गुलबर्गा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या कलबुर्गीतले. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानाचा व पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. तेव्हा या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांची पावले एकाच खाणीच्या दगडावर पडत आली आहेत, असे म्हणायला हरकत नाही. हा चुनखडीचा दगड. वर्षानुवर्षांच्या वावराने तो गुळगुळीत होतो, पण दोन फरशांमधल्या सांध्यांत पाणी, माती आणि खरकटे साचून राहते. फरशीच्या मध्यावर पडलेला घास आणि सांध्यावर पडलेला घास यांत म्हणूनच फरक करायला हवा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली फरशी पुसण्याची पद्धत. एक बादली, एक फडके. तेच फडके न्हाणीघराच्या दारातून स्वयंपाकघरात येते, पाणी काळे होईस्तोवर बदलले जात नाही, आणि काम झाल्यावर फडके पिळून, ओलेच, कोपऱ्यात टाकले जाते. रात्रभर ओल्या राहिलेल्या त्या फडक्यात जिवाणूंची चांगली पैदास होते. दुसऱ्या दिवशी आपण ती घरभर सारखी पसरवतो आणि फरशी चकाकली म्हणून समाधान मानतो. नुकतीच पुसलेली ओली फरशी घास पडण्यास सर्वांत सुरक्षित, हा समज अशा वेळी अगदी उलटा ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादच्या कोरड्या उष्म्यात फरशी पाहता पाहता वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये ती तासन् तास दमट राहते. फडके दर वेळी स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवणे हा यावरचा उपाय फुकटचा आहे, आणि बाजारातील सुगंधी द्रवांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख नसतो हे ओघानेच आले.

आता जंतूंच्या संख्येकडे वळू. अंगावर एखादा जिवाणू आला की माणूस आजारी पडतो, असे नाही. प्रत्येक रोगजंतूला आजार घडवून आणण्यासाठी किमान काही संख्या लागते. रक्ताची हगवण करणाऱ्या शिगेलाला अवघे १० ते १०० जिवाणू पुरतात. कॉलऱ्याच्या जंतूला जठरातील आम्लाची भिंत ओलांडायची असते. निरोगी माणसात त्याला सामान्यत: कोट्यवधींची फौज लागते. साल्मोनेला बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. ज्यांच्या जठरात आम्ल कमी आहे, किंवा जे आम्लपित्तावरची औषधे नियमित घेतात, त्यांच्या बाबतीत ही भिंत मुळातच बुटकी असते. म्हणून फरशीवरून घासावर गेलेल्या जिवाणूंचा आकडा ऐकून घाबरण्याचे किंवा निर्धास्त होण्याचे कारण नाही. ते कोणते आणि किती, हे पाहायला हवे. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जागा. ज्या फरशीवर न्हाणीघराचे पाणी वाहत येते, जिथे मूल शी करते, जिथे कच्चे मांस किंवा मासळी साफ केली जाते, जिथे कोंबड्यांचा वावर आहे, तिथे विष्ठेतून येणारे जंतू असण्याचा संभव मोठा. बैठकीच्या खोलीतल्या कोरड्या कोपऱ्यात तो फार कमी.

इथे एक मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण चहावरच्या वादात तो कोणीच काढत नाही. पडलेला घास तत्काळ खाणाऱ्यापेक्षा तो उचलून पुन्हा भांड्यात टाकणारा अधिक मोठा धोका पत्करत असतो. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तासाभरात आठपट, चार तासांत ४,०९६ पट, आणि सहा तासांत २,६२,१४४ पट. सकाळी आठ वाजता डबा भरताना खाली पडलेली बटाट्याची फोड कोणी झटकून परत भाजीत टाकली, तिच्यावर १० जिवाणू होते, आणि डबा दुपारी दोनला उघडला, तर हिशेबाने ते २६ लाखांवर गेलेले असतील. प्रत्यक्षात ही वाढ इतकी अखंड होत नाही. पदार्थाचे आम्ल, मीठ, सुकेपणा तिला अडवतात. तरीपण दिशा हीच. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीला सोयीचा टापू मानला जातो आणि हैदराबादच्या उन्हाळ्यात दप्तरातला डबा या टापूच्या बरोबर मध्यावर असतो. घासाबाबत मोजायचेच असेल तर पडल्यापासून उचलेपर्यंतचे सेकंद मोजण्यापेक्षा उचलल्यापासून खाईपर्यंतचे तास मोजावेत. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. परातीतून खाली घसरलेल्या पोळ्या पुन्हा चळतीत, सांडलेला भात पुन्हा पातेल्यात, हे प्रकार जिथे घडतात तिथे एकाच्या नव्हे, शंभरांच्या पोटाचा प्रश्न असतो.

पुन्हा गरम केले तर? पोळी किंवा भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी चांगली कडक शेकली तर पृष्ठभागावरचे बहुतेक जिवाणू मरतात. तो उपाय खरा आहे. पण उष्णतेच्याही मर्यादा आहेत. माणसाच्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत राहणारा स्टॅफिलोकॉकस अन्नात वाढताना जे विष सोडतो, ते उकळूनही नाहीसे होत नाही. आणि हा जंतू अन्नात येतो तो बव्हंशी हातांतून. पडलेला घास पाहून शिसारी येणारे आपण, बोटाला चिंधी बांधून पीठ मळणाऱ्याकडे पाहतही नाही.

घराबाहेरच्या मातीची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर आहे. अंगणात, शाळेच्या पटांगणात, रस्त्याच्या कडेला पडलेल्या अन्नाला जिवाणूंखेरीज जंतांची अंडी लागू शकतात. मोठ्या गोल जंताची, म्हणजे अस्कॅरिसची, अंडी मातीत महिनोन्महिने, अनुकूल जागी वर्षानुवर्षे टिकतात. उघड्यावर शौच होते त्या मातीत ती असणारच. फुंकर मारून ती जात नाहीत. जंत झालेले मूल एका दिवसात आजारी पडत नाही, म्हणून घास आणि रोग यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. मूल हळूहळू फिके पडते, खाल्लेले अंगी लागत नाही. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी शाळांतून व अंगणवाड्यांतून देतात. यावरून प्रश्नाचा आवाका कळावा.

सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेने या बाबतीत आपल्याला कितपत मदत केली? माझे मत असे की, अर्धीच. पंगत उठल्यावर उष्टी काढून लगेच जागा सारवणे किंवा पुसणे, चपला उंबऱ्याबाहेर काढणे, जेवणापूर्वी हातपाय धुणे या सवयी आरोग्याच्या दृष्टीने उत्तम. माश्यांना आणि झुरळांना त्या थारा देत नाहीत, रस्त्यावरची घाण घरात येऊ देत नाहीत. परंतु शुद्धाशुद्धतेचा विचार जंतूंच्या वाटेने जात नाही. शिजलेल्या भाताचे शीत अंगाला लागले की खरकटे झाले म्हणून हात धुणारा माणूस, शौचानंतर नुसत्या पाण्याने वा मातीने हात धुऊन सोवळ्याने स्वयंपाकाला लागत असे. एखाद्या माणसाचा स्पर्श झाला म्हणून अन्न टाकून देणाऱ्या समाजाने विहिरीच्या काठावर मात्र पुरेसे लक्ष दिले नाही. पहिली गोष्ट निखालस अन्याय होती, दुसरी निष्काळजीपणा.

याउलट एक आधुनिक युक्तिवाद हल्ली वारंवार ऐकू येतो: थोडी माती पोटात जावी, त्याने प्रतिकारशक्ती वाढते. याचे मूळ १९८९ सालच्या एका निबंधात आहे. डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकाने १९५८ साली जन्मलेल्या १७,००० हून अधिक ब्रिटिश मुलांच्या माहितीचा अभ्यास केला आणि ज्या घरांत भावंडे जास्त त्या घरांतील मुलांना परागकणांमुळे होणारी नाकाची अॅलर्जी कमी, असे त्याला आढळले. लहानपणी एकमेकांकडून लागणारे संसर्ग हे त्याचे कारण असावे, असे त्याने सुचवले. पुढे या कल्पनेत पुष्कळ फेरफार झाले. माती, गुरे, इतर माणसे यांच्या सहवासातील निरुपद्रवी सूक्ष्मजीव लहान वयात उपकारक असावेत, असे आज मानले जाते. शिगेला, साल्मोनेला, जंतांची अंडी ही काही त्या मित्रमंडळींत मोडत नाहीत. शिवाय हा सारा विचार ज्या देशांत निघाला तिथे नळाचे पाणी तसेच पिता येते, हेही विसरता कामा नये.

आपल्या शहरात काय घडले ते पाहावे. २००९ सालच्या मे महिन्यात हैदराबादच्या भोलकपूर भागात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी पडली, काही दगावली. त्यांच्यापैकी कोणी जमिनीवरचे काही उचलून खाल्ले नव्हते. स्वच्छ भांड्यात भरलेले, स्वच्छ दिसणारे पाणी ते प्याले होते. मुसीला २८ सप्टेंबर १९०८ रोजी महापूर आला, त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. हे कन्नड अभियंते पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत नाव कमावलेले. त्यांनी पूर अडवण्यासाठी धरणांची योजना आखली. तिच्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरे झाले. त्याचबरोबर शहराच्या गटारांची आखणीही त्यांनी केली. पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे शहराच्या आरोग्याचे पहिले कलम आहे. दोन नळ एकमेकांच्या शेजारून गेले आणि दोन्ही गंजले की काय होते, ते भोलकपूरने शंभर वर्षांनी दाखवून दिले. आणि हाच मैला वाटांवर तुंबला की चपलांच्या तळव्यांना लागून फरशीवर येतो. घरातली फरशी किती स्वच्छ, याचे उत्तर पुष्कळदा घरासमोरच्या गटारात असते.

घास कोणाच्या तोंडात जाणार, हा प्रश्न शेवटी येतो, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. तारनाका येथील राष्ट्रीय पोषण संस्था आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून पाहिली असेल. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू केलेल्या छोट्या प्रयोगशाळेतून ती वाढली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. आहारशास्त्राने एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे आणली आहे: कुपोषण आणि संसर्ग ही एकमेकांना पोसणारी जोडी आहे. वारंवार जुलाब झालेल्या मुलाचे पोषण होत नाही, आणि पोषण न झालेल्या मुलाला जुलाब लवकर होतात. विशीतल्या धडधाकट विद्यार्थ्याने कोरड्या फरशीवरचे बिस्किट खाल्ले तर बहुधा काहीच होणार नाही. झाले तर दोन दिवस तास बुडतील. दीड वर्षाचे हडकुळे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध, कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण यांना तेवढी सवलत नसते. यांच्या हातून पडलेले अन्न, ओले असो की कोरडे, टाकून द्यावे आणि त्यांना ताजे द्यावे. इस्पितळाच्या फरशीवर पडलेले तर कोणीच खाऊ नये. इतरांनी ओला पदार्थ टाकावा. कोरडा पदार्थ घरातल्या स्वच्छ, सुक्या फरशीवर पडला असेल तर खाण्यास माझी हरकत नाही. सालीसकट पडलेले फळ वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवावे आणि मग सोलावे. टाकायचे अन्न गुराढोरांपुढे वा पक्ष्यांपुढे ठेवता येते, म्हणजे आजीचाही मान राहतो.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या विषयावर आपल्याच इमारतीत एक साधा प्रयोग करता येईल. फरशीवर १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा, निर्जंतुक केलेल्या ओल्या बोळ्याने तो पुसून घ्यावा आणि तो बोळा अगारच्या दोन थाळ्यांवर फिरवावा. एक साधी, दुसरी मॅकॉंकी अगारची. ३७ अंशांवर २४ तास ठेवल्यावर साध्या थाळीवरील ठिपके एकूण वाढ सांगतील, आणि मॅकॉंकी थाळीवरचे गुलाबी ठिपके आतड्यातील जिवाणूंच्या गोत्राकडे बोट दाखवतील. उपाहारगृह, वाचनालय, जिन्याची पहिली पायरी आणि स्वच्छतागृहाचा उंबरठा अशा चार जागा घ्याव्यात. प्रत्येक जागेचा नमुना फरशी पुसण्यापूर्वी, पुसल्यानंतर लगेच आणि वाळल्यानंतर असा तीनदा घ्यावा. पुसण्याच्या बादलीतील पाण्याचाही एक नमुना घेण्यास विसरू नये. माझा अंदाज आहे की सर्वांत दाट थाळी तीच निघेल. उगवलेल्या थाळ्या प्राध्यापकांच्या देखरेखीवाचून उघडू नयेत, आणि मोजणी झाल्यावर त्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवूनच टाकाव्यात. वहीत तारीख, हवेतील दमटपणा आणि दगड शहाबादी की तांडुरी, हेही लिहून ठेवावे. एप्रिलमध्ये घेतलेले आकडे ऑगस्टमधल्या आकड्यांशेजारी मांडता येतील.